शंख-शिंपल्यांची स्वच्छता व झळाळी : एका घरगुती कृतीचा इतिहास
(विशेष संदर्भ : कल्याण-ठाणे खाडीपरिसर)

प्रस्तावना

समुद्रकिनाऱ्यावर वेचलेले शंख-शिंपले घरी आणणे, ते धुऊन-घासून स्वच्छ करणे आणि त्यांना झळाळी आणणे ही कृती वरकरणी अगदी सामान्य, फावल्या वेळेतील छंदाच्या सदरात मोडणारी वाटते. इतिहासलेखनात अशा कृतींना सहसा स्थान मिळत नाही. तथापि शिंपला स्वच्छ करण्याच्या ज्या रीती आज घरोघरी दिसतात, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक रीतीच्या मागे एखादा जुना व्यापार, एखादे शास्त्र किंवा एखादा कारागिरी व्यवसाय उभा आहे. वाळूत पुरणे ही कवडीच्या व्यापाऱ्याची रीत होय, आंबट द्रवात उकळणे ही रसवैद्याची, दगडावर घासणे ही शंखकाराची, तर भट्टीत जाळणे ही चुना करणाऱ्याची रीत होय.

प्रस्तुत लेखात या रीतींचा ऐतिहासिक आढावा उत्तर कोकणाच्या, विशेषतः कल्याण-ठाणे खाडीपरिसराच्या संदर्भात घेतला आहे. शिंपल्यावरील कोणत्या गोष्टीला ‘मळ’ समजावे, हे प्रत्येक काळाने आपापल्या गरजेनुसार ठरविले आणि तो मळ काढताना शिंपल्याविषयीची काही ना काही माहितीही पुसली गेली, हे या आढाव्यातून दिसून येते.

शिंपल्याची घडण

ऐतिहासिक रीतींचे मर्म समजण्यासाठी शिंपल्याची घडण थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. शंख, शिंपला व कवडी ही मृदुकाय प्राण्यांची कवचे होत. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट हा असून तो कॅल्साइट व ॲरॅगोनाइट या दोन स्फटिकरूपांत आढळतो. या स्फटिकांना बांधून ठेवणारा प्रथिनयुक्त अंश अल्प असला, तरी कवचाचा चिवटपणा बहुतांशी त्यावरच अवलंबून असतो. पुष्कळ जातींच्या कवचावर ‘पेरिऑस्ट्रॅकम’ या नावाने ओळखले जाणारे तपकिरी पापुद्र्यासारखे बाह्य पटल असते. सामान्य माणसास तो मळ वाटतो. वस्तुतः ते कवचाचे नैसर्गिक संरक्षण होय.

कवडीची गोष्ट निराळी आहे. जिवंत कवडीच्या अंगावरील मांसल पदर बाहेर येऊन कवच झाकून टाकतो आणि त्याच पदरातून कवचावर सतत नवा गुळगुळीत थर बसत राहतो. त्यामुळे कवडीवर बाह्य पटल नसते आणि तिची चकाकी उपजत असते. प्राणी मेल्यानंतर लाटा, वाळू व ऊन यांच्या माऱ्याने ती चकाकी लोपते आणि पुढे कितीही धुतले तरी मूळ स्वरूपात परतत नाही. याचा एक परिणाम इतिहासभर दिसतो. ज्यांना पूर्ण झळाळीचे कवच हवे होते, त्यांना ते जिवंत प्राण्यासहच मिळवावे लागले.

खाडीकाठचे नगर आणि शिंपले

कल्याण हे समुद्रकिनाऱ्यावरील गाव नव्हे. उल्हास नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वसलेले ते खाडीकाठचे बंदर होय. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात व सहाव्या शतकातील कॉसमस या व्यापारी प्रवाशाच्या ग्रंथात या बंदराचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची व सोनारांची दाने नोंदलेली आहेत. इ. स. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतल्यानंतर येथील खाडीला आरमाराच्या दृष्टीने महत्त्व आले. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि जलमार्गाचे महत्त्व क्रमाने घटले.

खाडीकाठच्या घरात शिंपला प्रथम आला तो शोभेची वस्तू म्हणून नव्हे, तर जेवणातून उरलेली वस्तू म्हणून. ओहोटीच्या वेळी चिखलातून व खडकांवरून कालवे, तिसऱ्या, खुबे गोळा करणे हे आगरी-कोळी स्त्रियांचे परंपरागत काम होय. मांस काढल्यावर उरलेली कवचे परसात पडत आणि त्यांतील निवडक कवचे घरकामात येत. मोठ्या शिंपल्याचा फुगीर भाग दगडावर घासून त्यास छिद्र पाडले की, त्या छिद्राच्या धारेने कैरी सोलता येई. पन्हळीसारखा शिंपला तान्ह्या मुलास दूध किंवा औषध पाजण्यास उपयोगी पडे. या वापरासाठी लागणारी स्वच्छता साधी होती. उकळलेले पाणी, राख आणि ऊन एवढ्यावर काम भागत असे. शिंपला चकचकीत दिसावा ही अपेक्षा नव्हती. त्याला वास नसावा व धार असावी, एवढेच पाहिले जाई.

देवघरातील शंखाचे स्थान याहून वेगळे होते. पूजाविधीत मुख्य देवतेच्या पूजेपूर्वी कलश व घंटेबरोबर शंखाचे पूजन होते. शंखात पाणी भरले जाते व ते शिंपडले जाते. ताम्हण, पळी, निरांजन ही तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेने घासून लखलखीत करता येतात. शंखास तीच चिंच लावली, तर त्यातील आम्ल कवचाचाच अंश विरघळवते आणि पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज होतो. एकाच देवघरातील दोन वस्तूंना दोन निराळ्या रीतींनी स्वच्छ करावे लागते, यामागे हे रासायनिक कारण आहे.

वाळू व ऊन : कवडीची स्वच्छता

शिंपले स्वच्छ करण्याचे सर्वांत मोठ्या प्रमाणावरील काम कवडीच्या व्यापारात झाले. भारतात चलन म्हणून वापरली गेलेली कवडी मुख्यतः मालदीव बेटांतून येत असे. अरब प्रवासी अल मसुदी हा इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर, म्हणजे चौल येथे आला होता. त्या वेळी उत्तर कोकणात शिलाहार झंझ याची सत्ता होती व तसा उल्लेख मसुदीने केला आहे. त्याच लेखकाने मालदीवमधील कवडीच्या संकलनाची रीतही नोंदविली आहे. नारळीच्या फांद्या पाण्यात टाकल्या जात, त्यांना कवड्या चिकटत, मग त्या किनाऱ्यावरील वाळूत पसरल्या जात आणि उन्हाने आतील प्राणी नष्ट होऊन रिकामी कवचे उरत. इ. स. १३४३-४४ मध्ये मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने किनाऱ्यावरील खड्ड्यांचे वर्णन केले आहे. त्याच्या नोंदीनुसार समुद्रातून काढलेल्या कवड्या खड्ड्यांत ठेवल्या जात व मांस कुजून गेल्यावर पांढरे कवच शिल्लक राही.

या दोन्ही वर्णनांत कोठेही घासणे किंवा रसायन लावणे नाही. कवडीची उपजत चकाकी टिकवायची असेल तर तिला कमीत कमी हात लावावा, हे त्या व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. आजही छंद म्हणून शंख-शिंपले जमविणारे लोक लहान शंखातील मांस काढण्यासाठी तो कोरड्या वाळूत पुरतात. ती याच रीतीची घरगुती आवृत्ती होय.

कवडीचे चलनमूल्य गेले, तरी भाषेत ती टिकून राहिली. ‘कवडीमोल’, ‘कवडीचुंबक’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग तिच्या अल्प किमतीची साक्ष देतात. याउलट तुळजाभवानीच्या उपासनेत कवड्यांच्या माळेला मानाचे स्थान आहे. बाजारातील क्षुद्र वस्तू उपासनेत पवित्र ठरते, हा विरोधाभास सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

आंबट द्रव : रसशास्त्रातील शोधन

शंख व कवडी स्वच्छ करण्याची शास्त्रबद्ध रीत रसशास्त्रात आढळते. साधारणतः १३ व्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात कवडीची पारख सांगितली आहे. पाठीवर गाठी असलेली पिवळसर कवडी ग्राह्य समजून वजनानुसार तिचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे प्रकार केले आहेत. तिच्या शोधनासाठी कांजीमध्ये एक प्रहर, म्हणजे सुमारे तीन तास स्वेदन करावे, असे विधान आहे. शंखासाठीही कांजी किंवा लिंबाच्या जातीच्या फळांचा रस सांगितला जातो.

येथील ‘शुद्धी’ आणि आजची ‘झळाळी’ यांत मूलभूत फरक आहे. कांजी हा आंबवलेला द्रव असल्याने त्यातील सौम्य आम्ल कवचाचा वरचा थर, त्यावरील क्षार व सेंद्रिय अंश काढून टाकते. त्यात चकाकीही जाते. वैद्यास चकाकीशी कर्तव्य नव्हते. पुढे अग्नीवर भस्म करण्यास योग्य असे द्रव्य त्याला हवे होते. आज घरात शंख स्वच्छ करण्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस वापरला जातो, तेव्हा तीच प्रक्रिया नकळत घडते. मात्र उद्देश उलटा असतो. फेस येतो तो मळ निघाल्यामुळे नव्हे, तर कवच विरघळून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असल्यामुळे. वैद्याने भस्माच्या पूर्वतयारीसाठी योजलेली कृती शोभेच्या वस्तूवर केल्यास तिची शोभाच नष्ट होते.

घर्षण : शंखाची कंकणे व शिंपल्यांच्या खिडक्या

तिसरी रीत कारागिराची होय. शंख कापून, घासून त्याची कंकणे करण्याची परंपरा भारतीय उपखंडात हडप्पा काळापासून ज्ञात आहे. महाराष्ट्रात नेवासे, तेर यांसारख्या प्राचीन स्थळांच्या उत्खननांत शंखाच्या बांगड्या मिळाल्या आहेत. इ. स. १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झालेल्या ‘कोलोक्विओस’ या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या वैद्याने शंख हा बंगालच्या व्यापारातील माल असल्याचे नोंदविले आहे. याच ऑर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. शंखाच्या मासेमारीचा, व्यापाराचा व कंकणकारांचा सविस्तर अभ्यास जेम्स हॉर्नेल याने १९१४ मधील ‘द सेक्रेड चँक ऑफ इंडिया’ या ग्रंथात केला. या व्यापारात जिवंत प्राण्यासह काढलेल्या शंखास चांगली किंमत येई. तळाशी मृत पडून किड्यांनी पोखरलेला, खडूसारखा झालेला शंख हलका समजला जाई. कारण घासून आतील शुभ्र भाग वर आणता येतो, पण पोखरलेले कवच घासले की तुटते.

उत्तर कोकणाशी थेट निगडित उदाहरण म्हणजे शिंपल्यांच्या खिडक्या. चपटा, जवळजवळ पारदर्शक असा एक शिंपला पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांत आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव प्लॅकुना प्लॅसेंटा असे असून त्याचे कवच सुमारे ९९ टक्के कॅल्साइटचे असते व त्यातून सुमारे ८० टक्के प्रकाश आरपार जातो. १७ व्या शतकाच्या आरंभी गोव्यात आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने तेथील घरांत काचेऐवजी पातळ, गुळगुळीत शिंपले लाकडी चौकटींत बसविलेले पाहिले. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यचिकित्सक जॉन फ्रायर याने १६७० च्या दशकातील मुंबईचे वर्णन करताना असेच शिंपले चौकोनी कापून व घासून खिडक्यांत लावल्याचे नमूद केले. त्याचा ग्रंथ १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कामातील स्वच्छता वेगळ्या प्रकारची होती. शिंपल्याच्या कडा कापून त्याचा नैसर्गिक गोल आकार नाहीसा केला जाई. वरचा खडबडीत भाग घासून काढला म्हणजे प्रकाश आत येई. उन्हाची तिरीप अडवून मंद उजेड देणारी ही तावदाने उष्ण व दमट किनारी हवामानास अनुरूप होती. काच स्वस्त झाल्यावर ती मागे पडली. गोव्यातील जुन्या घरांत त्यांचे नमुने आजही पाहावयास मिळतात.

अग्नी : शिंपल्यांचा चुना

चौथ्या रीतीत शिंपलाच उरत नाही. दगडी चुनखडी जेथे सहज मिळत नाही, अशा किनारी प्रदेशात शिंपले जाळून चुना करणे स्वाभाविक होते. शिंपले व जळण यांचे थर रचून भट्टी लावली की, कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन चुनकळी उरते. ती पाण्यात विरवली म्हणजे चुना तयार होतो. विड्याबरोबर खाल्ला जाणारा चुना शिंपले जाळून केलेला असतो, अशी नोंद फ्रायरनेही केली आहे. बांधकामात असा चुना घाणीत वाळूबरोबर मळून वापरला जाई आणि बारीक चुन्याचा गिलावा घोटून आरशासारखा गुळगुळीत करीत. मुंबईतील ‘चुनाभट्टी’ हे स्थलनाम या व्यवसायाची आठवण टिकवून आहे.

अशा रीतीने खाडीतील शिंपल्याची झळाळी भिंतीवर आली. मात्र तो शिंपला कोणत्या जातीचा, कोणत्या खाडीतला, याचा मागमूसही राहिला नाही.

संग्राहकाचे कपाट : नोंदीचे आगमन

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात शिंपल्याकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी मुंबईत रुजली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. १८९३ मध्ये जे. सी. मेलव्हिल व ए. ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी मँचेस्टर येथील एका विद्वत्संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या मध्यास सुब्रह्मण्यम, करंदीकर व मूर्ती यांचे मुंबईच्या शंख-शिंपल्यांवरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आले. १९९८ मध्ये दीपक आपटे यांचे ‘द बुक ऑफ इंडियन शेल्स’ हे पुस्तक प्रकाशित झाले.

या परंपरेने स्वच्छतेच्या कल्पनेत महत्त्वाचा बदल केला. कवचाबरोबर त्याचे स्थळ, दिनांक व परिस्थिती यांची चिठ्ठी ठेवणे आवश्यक ठरले. व्यापारी, वैद्य, कारागीर व चुना करणारा या चौघांनाही शिंपल्याच्या मूळ स्थानाशी कर्तव्य नव्हते. अभ्यासकासाठी मात्र तेच सर्वांत मोलाचे होते. बाह्य पटल किंवा कवचावर चिकटलेले लहान जीव हे मळ नसून पुरावा होत, ही जाणीवही यातूनच आली.

कपाटातील शिंपल्यांनाही क्षय होतो, हे याच काळात लक्षात आले. १८९९ मध्ये एल. सेंट जी. बाइन या इंग्रज संग्राहकाने बंद कपाटातील शंखांवर पांढरी भुकटी जमून ते झिजतात, याकडे लक्ष वेधले. त्याने त्याचे कारण जिवाणूंत शोधले. पुढे १९८५ मध्ये टेनंट व बेअर्ड यांनी दाखविले की, लाकूड व तत्सम साहित्यातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लासारख्या वाफा कवचावर क्रिया करून हे क्षार तयार करतात. या विकारास आजही बाइनचे नाव दिले जाते. ओलाव्यात ही क्रिया वाढते. त्यामुळे कोकणातील चार महिन्यांच्या पावसाळ्यात, नीट न धुतल्याने मिठाचा अंश राहिलेला शंख बंद लाकडी पेटीत ठेवणे विशेष हानिकारक ठरते.

घरगुती रीत : आजची स्थिती

वरील सर्व रीतींचे अंश आजच्या घरगुती प्रक्रियेत एकत्र आलेले दिसतात. त्यांतील योग्य रीत साधी आहे. मेलेला, रिकामा शिंपला काही दिवस गोड्या पाण्यात ठेवावा व पाणी रोज बदलावे, म्हणजे मीठ निघून जाते. मऊ ब्रशने वाळू व शेवाळ काढावे आणि सावलीत वाळवावे. कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण कवचाचा खनिज भाग विरघळवत नाही, परंतु बाह्य पटल व प्रथिनांश नष्ट करते. म्हणून ते पातळ करून, थोडा वेळ व गरजेपुरतेच वापरावे. आम्ल टाळावे. शेवटी खनिज तेलाचा अगदी पातळ हात फिरवला, तर ओल्या शिंपल्यासारखा रंग काही काळ उठून दिसतो. ही झळाळी तेलाची असते, कवचाची नव्हे. उपजत चकाकी गेलेल्या कवडीला ती परत देता येत नाही.

येथेच या विषयातील खरा प्रश्न उपस्थित होतो. चकाकणारा शंख हवा असेल, तर तो जिवंत प्राणी मारूनच मिळतो. पर्यटनस्थळी विकल्या जाणाऱ्या अनेक झळाळत्या शंखांचे मूळ हेच आहे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत अनेक सागरी शंख-शिंपल्यांचा समावेश करण्यात आला. खिडक्यांचा शिंपलाही त्यांत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. एकेकाळी घराघराच्या खिडकीत बसविलेला जीव कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरावा, यातच त्याच्या वाटचालीचे सार आहे. रिकामा शंखही निरुपयोगी नसतो. संन्यासी खेकड्यांसाठी तो घर असतो, म्हणून तो वेचतानाही संयम आवश्यक आहे.

कल्याण-ठाणे परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९६० नंतरच्या दशकांत ठाणे-बेलापूर, अंबरनाथ, डोंबिवली या पट्ट्यांत औद्योगिक वसाहती वाढल्या. त्यांचे व वाढत्या शहरांचे सांडपाणी उल्हास नदीत व खाड्यांत आले. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांमुळे खाडीकडे लोकांचे लक्ष गेले, ही समाधानाची बाब होय. चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही. खाडीकाठच्या जुन्या घरांत कैरी सोलण्याची शिंप किंवा डब्यात जपून ठेवलेले शिंपले असतील, तर ते त्या खाडीच्या पूर्वस्थितीचे पुरावे ठरू शकतात. त्यांच्यासोबत स्थळ व काळाची नोंद नसेल, तर ते केवळ शोभेच्या वस्तू राहतात.

समारोप

शंख-शिंपल्यांच्या स्वच्छतेचा इतिहास पाहता प्रत्येक रीतीने काही मिळविले व काही गमावले असे दिसते. वाळूच्या खड्ड्याने चकाकी राखली, पण प्राण्याचा जीव घेतला. कांजीने औषधिद्रव्य दिले, पण शोभा नेली. घर्षणाने कंकण व तावदान दिले, पण कवचाचा मूळ आकार नाहीसा केला. अग्नीने घरे शुभ्र केली व शिंपला संपविला. संग्राहकाच्या चिठ्ठीने प्रथमच शिंपल्याचे मूळ ठिकाण जपले, पण सर्वसामान्य घरापर्यंत ही सवय फारशी पोहोचली नाही.

कल्याणसारख्या खाडीकाठच्या नगरात ही सवय रुजविणे अवघड नाही. किनाऱ्यावर मृत, रिकामा आढळलेलाच शिंपला घ्यावा, तो गोड्या पाण्याने धुवावा आणि कोठे व केव्हा मिळाला हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याजवळ ठेवावे. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व इतिहास विभागांनी परिसरातील घरांतून असे जुने शिंपले व त्यांविषयीच्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी एकत्र नोंदविल्यास उल्हास खाडीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन अभ्यासकांच्या हाती येईल.